चिंगीविषयी, तुम्ही येण्याआधी

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

दिवाळीनंतर पुण्याला राहायला येताय, फार बरं वाटलं. पण परवा फोनवर बाबा म्हणाले, "त्या कुत्रीला तेवढं बांधून ठेव." म्हणून आमच्या रॉटवायलर चिंगीविषयी हे पत्र. बाबा, दिवसभर साखळीला बांधलं तर ती आणखी चिडकी होईल.

तुमची भीती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. मे 2024 मध्ये चेन्नईच्या बागेत पाच वर्षांच्या मुलीवर दोन रॉटवायलरांनी हल्ला केला, ती बातमी तुम्हीच मला पाठवली होती. ते दोन्ही कुत्रे मोकळे होते. आमची चिंगी पट्ट्याशिवाय दाराबाहेर पडत नाही, लिफ्टमध्ये तोंडाला जाळी असते, आणि आमच्या छोट्या ओवीला तिच्याजवळ आम्ही एकटं सोडत नाही, दोघी कितीही गोड दिसत असल्या तरी. "आमची काही करत नाही हो" असं म्हणणाऱ्या कुत्रेवाल्यांचा मला राग येतो.

हिचे पूर्वज जर्मनीतल्या रॉटवाइल गावात खाटकांची गुरं हाकायचे आणि मांसाच्या गाड्या ओढायचे. गुराला अंगानं रेटायची ती खोड अजून गेलेली नाही. ओवी दाराकडे पळाली की चिंगी आडवी येते आणि खांद्यानं तिला मागे ढकलते. शिवाय माणूस आवडलं की त्याच्या पायाला टेकून उभी राहते, तेही सगळा भार टाकून. वजन 41 किलो! बाबा, तुमचा गुडघा बघता तिचे लाड खुर्चीत बसूनच करा. उभ्यानं नको.

लाडात आली की घशातून घुर्र घुर्र आवाज काढते. आमच्या कामवाल्या मावशी पहिल्या दिवशी त्या आवाजानं ओट्याला चिकटून उभ्या राहिल्या होत्या. अंग सैल असेल, बूड हलत असेल, तर तो नुसता लाड समजा. अंग ताठ, तोंड मिटलेलं आणि नजर रोखलेली असेल, तर हात मागे घ्या आणि मला हाक मारा. गुरगुरली म्हणून तिला दटावू नका. ती आधी सांगतेय हे चांगलंच आहे. दटावून दटावून गुरगुरणं बंद केलेलं कुत्रं न सांगता चावतं. ती जेवत असताना तर जवळूनही जाऊ नका.

आई, आता तुझ्यासाठी. तासगावचे बेदाणे आण, पण डबा वरच्या फळीवर ठेवायचा. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विष आहेत, मूत्रपिंडं निकामी होतात. तुझा हात सढळ, म्हणून आधीच सांगते: सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरासुद्धा तिला द्यायचा नाही. कांदाही चालत नाही. खाऊ घालायचंच असेल तर उकडलेलं गाजर दे, जीव टाकते त्याच्यावर.

बंदीचं विचारलंत. केंद्रानं मार्च 2024 मध्ये 23 जातींवर बंदी घालायला राज्यांना पत्र पाठवलं होतं, त्यात ही जातही होती. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द ठरवलं. आपल्याकडे महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस, दोन्ही आहेत. शेजारच्या काकू तरी नाक मुरडतात, आणि मला त्यांचं चूक वाटत नाही.

या जातीचं आयुष्य जेमतेम नऊ-दहा वर्षांचं, आणि खुब्याचं दुखणं पाचवीला पुजलेलं. चिंगी आता सहाची झाली. सकाळी उन्हाआधी तिला हळूहळू फिरवावं लागतं. बाबा, तुम्हीही चला, फक्त पट्टा माझ्या हातात राहील.

पहिली भेट घरात नको. स्वारगेटला उतरलात की फोन करा. हे तुम्हाला घेऊन येतील आणि मी चिंगीला घेऊन खाली रस्त्यावर थांबेन. तुम्ही तिच्याकडे बघू नका, हात पुढे करू नका, आपल्या गप्पा चालू ठेवा. तिला हुंगू दे. मग सगळे मिळून वर जाऊ.

तुमची,
सुमी