कापू नका, काढून ठेवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या जपानी मोटारसायकलींना नवे रूप देणाऱ्या इंदूरच्या तरुणांविषयीचा सचित्र लेख वाचला. आपल्या जन्माआधीच्या यंत्रांवर ही मुले एवढा जीव लावतात, सुट्टीचा दिवस हात काळे करण्यात घालवतात, हे वाचून मनापासून आनंद झाला. मात्र त्यातल्या एका छायाचित्रात राजदूत ३५० ची चेसिस सीटखाली कापलेली दिसली, हवा गाळून आत देणारी हवेची पेटी जाऊन पेट्रोल-हवेचे मिश्रण करणाऱ्या कार्बोरेटरच्या तोंडाशी दोन उघडे फिल्टर आलेले दिसले आणि इंजिनाच्या फिनांवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पाकळ्यांवर, चकचकीत रंगाचा जाड थर चढलेला दिसला. ते पाहून लिहिल्यावाचून राहवले नाही. पिथमपूरच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारे बनवणाऱ्या विभागात, माझी एकतीस वर्षे गेली आणि अशीच एक गाडी १९९१ पासून माझ्याकडे आहे, म्हणून दोन शब्द लिहिण्याचा अधिकार घेतो.

राजदूत ३५० ही मुळात यामाहाची आरडी ३५०. जपानी गाडी १९७३ साली आली आणि आपल्याकडे फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने ती १९८३ पासून बनवली. ३४७ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, शेजारी शेजारी दोन सिलिंडर, सहा गिअर आणि ‘हाय टॉर्क’ नावाच्या पहिल्या आवृत्तीची ताकद ३०.५ अश्वशक्ती. त्या काळी बुलेट ३५० ची ताकद १८ अश्वशक्ती होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या गाडीचे तरुणांना किती वेड होते ते कळेल. एवढी ताकद देणाऱ्या इंजिनाला रेडिएटर नाही, पाणी नाही, पंखा नाही. धावताना अंगावर येणारा वारा, फिनांचा उघडा पृष्ठभाग आणि कार्बोरेटरमधून येणारे पेट्रोल-हवेचे गार मिश्रण, एवढ्यावर त्याचा थंडावा चालतो. म्हणून या गाडीत जे केवळ शोभेचे वाटते ते पुष्कळदा इंजिनाच्या जिवाशी जोडलेले असते.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. आवाज भारदस्त यावा म्हणून १९९३ साली मी हवेची पेटी काढली आणि उघडे फिल्टर लावले. पंधरा दिवसांनी, ऐन मे महिन्यात, ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटाच्या चढावर इंजिनाचा आवाज एकाएकी बदलला, गाडीने ओढणे सोडले आणि मागचे चाक जागच्या जागी अडले. मागे माझे थोरले बंधू बसले होते. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून आम्ही दोघे वाचलो. घरी हेड उघडले तेव्हा उजव्या पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे होते आणि पिस्टनचे ॲल्युमिनियम सिलिंडरच्या बिडाच्या भिंतीला लेप दिल्यासारखे चिकटलेले होते. प्लगचे टोक चहासारखे तपकिरी असायला हवे, ते खडूसारखे पांढरे पडले होते. पेटी गेल्याने हवा जास्त शिरत होती, पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाचा जेट जुनाच असल्याने पेट्रोल मात्र तेवढेच येत होते, आणि अशा पातळ मिश्रणाने तापलेला पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये रुतला. त्या छायाचित्रातल्या गाडीला तशीच जोडी लावलेली आहे. त्या तरुणाने मेन जेट बदलून आणि प्लगचा रंग पुन्हा पुन्हा पाहून मिश्रण जुळवले असेल तर माझी काही तक्रार नाही. जुळवले नसेल तर घाट चढण्याआधी ते त्याने जरूर करावे.

आज यात आणखी एक गोष्ट वाढली आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने जुन्या कार्बोरेटरमध्ये मिश्रण आपोआप थोडे पातळ होते, ते पाणी ओढून घेत असल्याने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते, आणि जुन्या जातीचे रबर त्यात फुगते किंवा ठिसूळ होते. तेव्हा टाकीला बाहेरून रंग देण्याआधी ती आतून स्वच्छ करावी आणि पेट्रोलची नळी व कार्बोरेटरचे रबर नव्या जातीचे घालावे. या बदलाने गाडीचे मूळपण कमी होते असे मला मुळीच वाटत नाही.

जीर्णोद्धाराची सुरुवात रंगापासून होते, ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या टू-स्ट्रोक गाडीत पहिल्यांदा क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, दोन्ही टोकांच्या ऑइल सील (तेल-हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) पाहाव्यात. क्लचकडची सील कडक झाली तर इंजिन गिअरबॉक्सचे तेल ओढते आणि पांढरा धूर सोडते, तो निदान दिसतो तरी. जनरेटरकडची सील गेली तर तिथून नुसती हवा शिरते, बाहेर काहीही दिसत नाही आणि मिश्रण पातळ होऊन शेवट माझ्या भेरूघाटासारखा होतो. सिलिंडर आतून कातून मोठा करणाऱ्या, म्हणजे बोअर करणाऱ्या, कारागिराकडे सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही घेऊन जावे. नव्या पिस्टनचे माप प्रत्यक्ष मोजून, मिलिमीटरच्या चार शतांशांच्या आसपास जागा ठेवून बोअर झाले पाहिजे आणि त्यानंतर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या मिश्रण-धुराच्या वाटांच्या, धारदार झालेल्या कडा हाताने घासून मोडल्या पाहिजेत, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. मी दिलेल्या पहिल्या ठिकाणी बोअर आरशासारखे सुंदर झाले होते, पण कडा तशाच राहिल्या होत्या. बोट फिरवताच कातडी सोलली गेली तेव्हा ते माझ्या लक्षात आले. इंजिनाचे भाग वाळूच्या किंवा काचेच्या मण्यांच्या फवाऱ्याने साफ करायचे असतील तर प्रत्येक भोक बंद करून करावेत आणि नंतर ते उकळत्या पाण्याने धुवावेत, कारण आत राहिलेला एक कणसुद्धा बेअरिंग खातो.

माझा बदलाला विरोध नाही, हे स्पष्ट लिहितो. जपानी आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याला ड्रम मिळाला आणि त्या ताकदीला तो कायम अपुरा पडला. कुणी परवानगी घेऊन पुढे डिस्क बसवला तर तो बदल मला योग्यच वाटेल. हँडल बदला, सीट बदला, दिवा बदला. माझे मागणे एवढेच आहे, की जे चार बोल्ट सोडून पुन्हा मूळचे बसवता येईल तेवढेच बदला. कापलेली चेसिस परत जोडता येत नाही. जोडली तरी वेल्डिंगच्या आचेने नळी वाकते आणि दोन्ही चाके एका रेषेत राहत नाहीत.

कायदाही याच बाजूने आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दंडापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो जुलै २०२१ चा नियम. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकीला त्याने व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि वेगळा क्रमांक दिला आहे. १९८३ ची राजदूत २०३३ साली पन्नाशीला पोहोचेल. आज कापलेल्या गाडीला तो मान कधीच मिळणार नाही, मग तिच्यावर कितीही खर्च झालेला असो.

आपल्या शहराला ही दृष्टी नवी नाही. १९८४ साली जळालेला राजवाडा पुन्हा उभा करताना मूळच्या जातीचेच साहित्य आणि मूळचीच पद्धत वापरण्याचा आग्रह धरला गेला, म्हणून आज त्याच्यासमोर उभे राहिले की तो होळकरांचाच राजवाडा वाटतो.

शेवटी एक कळकळीची विनंती. गाडीवरून उतरवलेला कोणताही मूळ भाग, मग तो गंजलेला मडगार्ड असो की तडा गेलेली बाजूची झाकणी, भंगारात देऊ नये. कापडात गुंडाळून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवावा. मी १९९३ साली काढलेली हवेची पेटी आईने त्याच वर्षी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिली, आणि तिला दोष देता येत नाही, कारण तिला मी काही सांगितलेच नव्हते. तशी दुसरी पेटी मला अकरा वर्षांनी उज्जैनच्या एका बंद पडलेल्या गॅरेजात मिळाली. कार्बोरेटरला जोडणाऱ्या तिच्या दोन रबरी नळ्यांपैकी एकच शाबूत होती. दुसरी मी अजून शोधतो आहे. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर ती पडून असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम कारागीर
सुदामानगर, इंदूर