फ्रीस्टाईलमधली दमछाक थांबवणाऱ्या काकूंना, मनापासून थँक्यू

नमस्कार काकू,

समोर बोलायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच उडवून लावता आणि पुढची लेंथ (पूलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत) मारायला निघून जाता, म्हणून हे लिहूनच टाकते. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय कारण पोहता तर येतं पण दोन लेंथ झाल्या की वॉल धरून धापा टाकायच्या अशी मंडळी प्रत्येक पूलमध्ये ढिगाने असतात, त्यांनाही तुमचं सांगणं उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी थँक्यू कशासाठी, तर तुम्ही माझ्या हातांकडे बघितलंच नाहीत यासाठी. बाकी जो भेटेल तो मला हात कसा टाकायचा, कोपर कुठे ठेवायचं, किक अजून जोरात मार हेच सांगायचा, व्हिडिओ बघावेत तर एकाच व्हिडिओत दहा चुका आणि दहा उपाय, पाण्यात उतरल्यावर त्यातलं आठवणार काय कप्पाळ! तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "तोंड पाण्यात असताना हवा सोडतेस का?" बस. त्या दिवशी आपण पोहलोच नाही, वॉलला धरून तोंड पाण्यात घालून नुसतं "म्म्म्म" करत बुडबुडे काढत बसलो, शेजारच्या लेनमधली पोरं हसत होती तरी तुमचं आपलं चालूच.

पण त्यानेच गाडी रुळावर आली हो. दम लागला म्हणजे आपला स्टॅमिना कमी असं आपण धरूनच चालतो, पण पाण्यात जी घुसमट होते ती बऱ्याचदा ऑक्सिजन संपल्याने होत नाही, आत साठलेल्या कार्बन डायऑक्साईडने होते. श्वास रोखून धरायचा आणि तोंड बाहेर आलं की त्या अर्ध्या सेकंदात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, हे जमणार कसं? सोडायचं काम पाण्यातच उरकलं की बाहेर आल्यावर फक्त घ्यायचं राहतं. आणि गुणगुणल्यासारखं केलं की हवा आपोआप हळूहळू सुटते, नाकात पाणीही जात नाही. इतकी साधी गोष्ट, पण शिकवताना ती बहुतेक वेळा "बुडबुडे सोडा" एवढ्यावर संपते, का सोडायचे ते कोणी सांगत नाही.

मग मान. "डोकं वर की ढुंगण खाली" हे तुमचं वाक्य मी जन्मात विसरणार नाही. आपल्या छातीत हवा असते म्हणून तो भाग तरंगतो, पाय मात्र जड, ते बुडायलाच बघतात, त्यात समोरची वॉल दिसावी म्हणून डोकं उचललं की कंबर आणखी खाली जाते आणि आपण पाण्यातून सरळ जाण्याऐवजी तिरके होऊन पाणी ढकलत राहतो. पाणी हवेपेक्षा साधारण 800 पट दाट असतं आणि त्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट करायला गेलं तर अडथळा चौपट आणि लागणारी ताकद आठपट. हा हिशोब डोक्यात बसला तेव्हा कळलं की जोर वाढवून माझ्यासारखीच्या हाती फारसं काही लागणार नाही, अडथळा कमी केला तर मात्र फुकटात मिळतं. नजर तळाच्या काळ्या पट्टीवर, जरा पुढे, मान लांब, बस.

श्वास घेतानाही तेच, डोकं वर नाही उचलायचं, फक्त वळवायचं, अंगाबरोबर. एक गॉगल पाण्यात एक बाहेर. पुढे जाताना डोक्याच्या बाजूला पाण्यात छोटा खड्डा तयार होतो आणि तोंड त्या खड्ड्यात उघडलं तरी हवा मिळते, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं, दोन-चारदा पाणी प्यायले आणि मग मिळाली की हवा!

आता कॅच, म्हणजे पुढे गेलेल्या हाताने पाणी पकडायचं ते. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार कारण तुम्ही सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवलात. तुम्ही माझ्यासमोर पाण्यात उभ्या राहिलात आणि मला हात पुढे लांब करायला लावलात, माझी बोटं वर आणि समोरच्याला "थांबा" म्हणतो तसा तळवा पुढे. तुम्ही त्या तळव्यावर नुसतं बोट टेकवून दाबलंत आणि म्हणालात, "हा बघ तुझा ब्रेक, प्रत्येक स्ट्रोकला लावतेस." मग मनगट थोडं खाली दाबलंत, बोटं तळाकडे वळवलीत आणि दुसऱ्या हाताने माझं कोपर खालून धरून ठेवलंत, जाम खाली जाऊ दिलं नाहीत. म्हणालात आता ओढ. आणि तेव्हा पहिल्यांदा तळव्यावर नाही तर अख्ख्या फोरआर्मवर पाण्याचा दाब जाणवला, मनगटापासून कोपरापर्यंत. कोपर पडलं की हात पाणी खाली दाबतो, त्याने आपण वर उचलले जातो, पुढे नाही जात. कोपर वर राहून फोरआर्म उभा झाला की पाणी मागे जातं आणि आपण पुढे. तरी डोक्यात शंका होतीच, तर तुम्ही मला पूलच्या काठावर हात टेकवून शिडीशिवाय वर चढायला लावलंत, आधी कोपर खाली ठेवून, मग कोपर वर ठेवून. पहिल्यात अंग हललंसुद्धा नाही. त्यानंतर शंका काढायची सोयच राहिली नाही.

मुठी बंद करून पोहायचं ते ड्रिल पण तुमचंच. आधी वाटतं जागच्या जागी पोहतोय, तळव्याला पकडायला काही मिळतच नाही म्हणून हात आपोआप फोरआर्म वापरायला शिकतो, आणि मग मूठ उघडली की पंजा एकदम मोठा झाल्यासारखा वाटतो. मला तर पॅडल्सपेक्षा (तळव्यांना बांधायच्या प्लास्टिकच्या चकत्या) हे कितीतरी बरं वाटतं. पॅडल्सने वेग येतो म्हणून जो तो घालतो, पण कोपर पडत असताना मोठी पॅडल्स घातली तर सगळा भार खांद्यावर येतो, हे तुम्ही वेळेत बजावलंत म्हणून माझे खांदे शाबूत आहेत.

हात पाण्यात टाकताना खांद्याच्या सरळ रेषेत टाकायचा, डोक्यासमोरून दुसऱ्या बाजूला नाही न्यायचा, नाहीतर अंग सापासारखं वळवळतं. हे लवकर जमलं.

किकबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत आणि ते बरंच केलंत. पायाचे स्नायू मोठे, ते ऑक्सिजन खूप खातात आणि लांब अंतराला त्या मानाने पुढे नेत नाहीत, त्यामुळे कमरेपासून छोटी, सैल किक, घोटा ढिला, पाय वर राहतील एवढीच. धावणाऱ्यांचे घोटे कडक असतात म्हणून किकबोर्ड (हातात धरून नुसत्या पायाने पोहायची फळी) घेतल्यावर त्यातले काही जण जागेवरच राहतात किंवा चक्क मागे जातात, तुम्ही दाखवलंत तेव्हा मी हसून हसून पाणी प्यायले.

एका गोष्टीवरून आपलं थोडं वाजलं होतं आठवतंय? मी ग्लाईडच्या, म्हणजे हात पुढे लांब करून नुसतं सरकत राहण्याच्या, प्रेमात पडले होते. कॅच-अप ड्रिल (एक हात पुढेच ठेवायचा आणि दुसरा त्याला येऊन भेटला की मगच ओढायचा) करून करून हात पुढे गेला की नुसती थांबायचे, कारण लेंथचे स्ट्रोक कमी व्हायला लागले होते आणि मला वाटायचं स्ट्रोक कमी म्हणजे टेक्निक भारी. तुम्ही म्हणालात स्ट्रोक मोजतेस तर सेकंद पण मोज. 25 मीटरला 22 स्ट्रोक आणि 30 सेकंद असतील तर बेरीज 52, आता थांबून थांबून 18 स्ट्रोक केले पण सेकंद 36 झाले तर बेरीज 54, म्हणजे उलट बिघडलंच. याला स्वोल्फ म्हणतात हे मला तेव्हा कळलं. हात पुढे थांबला की अंगाचा वेग पडतो आणि पुढच्या स्ट्रोकला तो परत कमवावा लागतो, त्यात दम जातो. पण दुसऱ्याशी स्वोल्फची तुलना करायची नाही हे पण तुम्हीच सांगितलंत, उंच माणसाचे स्ट्रोक तसेही कमीच असतात, आपला आकडा फक्त आपल्या कालच्या आकड्याशी लावायचा.

आणि एकच एक परफेक्ट स्ट्रोक असतो हे खूळ पण तुम्हीच काढलंत. अमेरिकेची जलतरणपटू जॅनेट इव्हान्स, तिचे हात पवनचक्कीसारखे जवळजवळ सरळ फिरायचे, पुस्तकात शिकवतात त्याच्या अगदी उलट, आणि 1988 च्या सोल ऑलिम्पिकमध्ये तिने 3 गोल्ड नेले. अमेरिकेचीच केटी लेडेकी, तिचा स्ट्रोक दोन्ही बाजूंना सारखा नसतो, एका बाजूला लांबतो आणि दुसरी बाजू पटकन येते, आणि 800 मीटरचं गोल्ड 2012 च्या लंडनपासून 2024 च्या पॅरिसपर्यंत सलग 4 ऑलिम्पिकमध्ये तिचंच. वरून दिसायला काहीही दिसो, पाण्याखाली कोपर वर आणि शरीर आडवं, तिथे मात्र कोणी सूट घेत नाही. म्हणूनच दर तिसऱ्या स्ट्रोकला आलटून पालटून श्वास घे असं आता मला कोणी सांगितलं की मी मान डोलावते आणि लांब पोहताना बिनधास्त दर दुसऱ्याला उजवीकडून घेते, हवा जास्त मिळते हो. तिसऱ्याचं वॉर्मअपला करते, दोन्ही बाजू सारख्या राहाव्यात म्हणून. हे तुम्हाला पटणार नाही माहितीये, भांडू पुन्हा.

सध्या तुम्ही सांगितलेली 400 आणि 200 ची टेस्ट करतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आधी 400 मीटर जोरात पोहायचं, नीट आराम करून मग 200 जोरात, आणि दोन वेळांमधला फरक निम्मा करायचा. समजा 400 ला 10 मिनिटं आणि 200 ला 4 मिनिटं 45 सेकंद लागले तर फरक 315 सेकंद, म्हणजे 100 मीटरला साधारण 2 मिनिटं 37 सेकंद, हा तुमचा जास्त वेळ टिकणारा वेग. सुरुवातीलाच सुसाट सुटून शेवटी मरायचं ही सवय या आकड्याने मोडते. माझी अजून पूर्ण मोडली नाहीये.

काकू, तुम्ही कोच नाही, तुम्हाला यातून मिळणार काहीच नव्हतं, स्वतःची सेट अर्धी टाकून तुम्ही माझं कोपर धरून उभ्या राहायचात. त्याबद्दल खूप खूप थँक्यू. आणि आता एक काम, उजवीकडून श्वास घेताना माझा डावा हात खाली दाबला जातो असा मला डाउट आहे, आधाराला घेते बहुतेक. एकदा गॉगल लावून खालून बघाल का? बुधवारी मी लवकर येते.

तुमचीच,
डाव्या कोपराची पीडित