गिरणगावच्या कागदपत्रांचा ठेवा वाचवण्यासाठी सभासद, माजी रहिवासी व हितचिंतकांना आवाहन

स. न. वि. वि.

आपल्या वाचनालयाची खोली पुनर्विकासासाठी दिवाळीनंतर रिकामी करून द्यायची आहे, हे आपणांस माहीत आहेच. रहिवाशांना संक्रमण शिबिरात जागा मिळाली, संस्थेला नाही. पुस्तकांची सोय कशीबशी लागेल. मागच्या भिंतीची तीन लोखंडी कपाटे आणि माळ्यावरच्या ट्रंका कुठे न्यायच्या, या प्रश्नाने मात्र कार्यकारिणीची झोप उडाली आहे.

त्या कपाटांत काय आहे ते जुन्यांना सांगायला नको. पण समोरच्या टॉवरमधली काही तरुण मुले हल्ली पेपर वाचायला येतात (त्यांचे स्वागतच आहे, चपला बाहेर काढाव्यात). त्यांच्यातल्या एकाने मध्यंतरी विचारले, की फिनिक्स मॉलमधली (म्हणजे पूर्वीच्या फिनिक्स मिलमधली) ती उंच चिमणी शोभेसाठी बांधली आहे का? पोराची चूक नाही. डिलाईल रोडपासून सेनापती बापट मार्गापर्यंत काचेच्या इमारती झाल्या, कमला मिल आणि मथुरादास मिलच्या आवारात हॉटेले आणि कचेऱ्या आल्या. इथे कोण राबत होते, हे सांगणारी साधी पाटी त्याला जाता-येता दिसली नसेल.

म्हणून थोडक्यात. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, १८५६ मध्ये ती चालू झाली आणि पुढे भायखळ्यापासून परळ-वरळीपर्यंत चिमण्याच चिमण्या झाल्या. ज्या रविवारी आज मॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, ती रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या अनेक वर्षांच्या झगड्यानंतर १० जून १८९० रोजी कामगारांच्या पदरात पडली. १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा वर्षाला एक दिवस या हिशेबाने गिरणी कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या लॉरीसमोर आडवा झालेला बाबू गेनू हाही गिरणी कामगारच. आज त्याच गिरणगावात परदेशी कपड्यांची दुकाने आहेत. तक्रार नाही, आमची नातवंडेही टी-शर्ट तिथूनच आणतात.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले तेही लिहून ठेवतो. १९९१ च्या नियमात तीन वाटे होते: एक पालिकेकडे मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणीला फक्त मोकळी जमीन धरली, बांधकामाखालची सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. घरांसाठी कामगारांच्या वारसांचे अर्ज अजून म्हाडात आहेत, आणि त्यातले कितीतरी आपल्याच टेबलावर बसून भरले गेले.

आता ज्यांनी हा ठेवा जमवला त्यांच्याविषयी. आपले आद्य चिटणीस फिनिक्समध्ये साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते. पहिल्या पाळीवरून सुटून थेट वाचनालयात यायचे, कानात कापसाचे बोळे तसेच. संपाच्या काळात त्यांनी सर्वांची वर्गणी माफ केली आणि स्वतःची मात्र भरत राहिले. पावत्या आहेत. पाटणकडच्या गावकीच्या मंडळाने आपल्या गाळ्याची, म्हणजे गावकऱ्यांच्या राहण्याच्या सामायिक खोलीची, नोंदवही दिली. एका खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपत, एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची उलगडायची. कोणी किती भाडे भरले, कोण कधी उतरला, सगळे त्यात आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या मामांनी धोटा (मागावर आडवा धागा नेणारा), बदली कामगाराचे कार्ड आणि पितळी बिल्ला आणून दिला. रीळ खात्यातल्या (सूत गुंडाळण्याच्या) आजींनी पगाराची पाकिटे दिली, तीही तारीखवार सुतळीत बांधून!

आणि आपल्या खानावळवाल्या मावशी. एकट्याने मुंबईत राहणाऱ्या कामगारांना ज्या बायकांनी जेवू घातले, त्यांच्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेची कर्जे मिळवून दिली. मावशी त्याच पिढीतल्या. त्यांची उधारीची वही एकदा येऊन बघाच. कडांना हळदीची बोटे, डावीकडे नाव, उजवीकडे रक्कम, पैसे आले की आडवी काट. ८२ च्या जानेवारीपर्यंत बहुतेक नावांवर काट आहे. त्यानंतर काट नाही, रकमेपुढे फक्त ‘गावी गेला’. पुढच्या पानावर ‘गावी गेला’. त्याच्या पुढच्याही. वही देताना मावशी म्हणाल्या, “वसुलीला नाय देत, जपायला देते.”

एवढे असून आमची विनंती कुणी ऐकली? आसपासच्या बड्या कचेऱ्यांत आपले शिष्टमंडळ जाऊन आले. चहा उत्तम होता. ‘मेल करा’ म्हणाले, मेल केला. त्यांचे एक वेळ सोडा, आपल्या घरच्यांचे काय? वार्षिक सभा कोरमअभावी तहकूब करून अर्ध्या तासाने तिथेच घ्यावी लागली. बदलापूर-विरारला गेलेली मंडळी ग्रुपवर ‘जुने दिवस’ म्हणून फोटो टाकतात, त्याला अंगठे येतात, इथे मात्र कोणी येत नाही. लिहायला बरे वाटत नाही, पण लिहिल्यावाचून राहवतही नाही.

काय हवे ते असे: कपाटे व ट्रंका मावतील अशी तळमजल्यावरची कोरडी खोली, नवी इमारत होईपर्यंत, परळ-दादर परिसरात, माफक भाड्याने (विनामूल्य मिळाल्यास उपकार); टेम्पो; कागद स्कॅन करून देणारे हात; वृद्ध कामगारांच्या, विशेषतः रीळ व वाइंडिंग खात्यांतल्या बायकांच्या, आठवणी रेकॉर्ड करायला तरुण मुले-मुली; घरात गिरणीची हजेरीची तिकिटे, फोटो, संपकाळातली पत्रके असल्यास मूळ किंवा झेरॉक्स; आणि निधी. रक्कम रु. ५०० पासून पुढे कितीही, कमी जमत असेल तर कमी. पावती मिळेल. खाते क्रमांक फलकावर आहे. रोख फक्त खजिनदारांकडेच द्यावी, पानवाल्याकडे ठेवू नये. संध्याकाळी ७ ते ९, सोमवार बंद. नव्या इमारतीत संस्थेला जागा मिळावी म्हणून सह्यांचा अर्ज टेबलावर आहे, सही करताना खोली क्रमांक जुना लिहावा.

रद्दीवाला दोनदा येऊन कपाटांकडे बघून गेला आहे. तेव्हा ‘बघू पुढच्या महिन्यात’ करू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. गणपतीत नेलेली शिडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती आणून द्यावी. माळ्यावरच्या ट्रंका उतरवायच्या आहेत.