हवेवर चालणारे यंत्र कोठीत कोंडल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : २०० लिटरचा हीट पंप वॉटर हीटर चुकीच्या जागी आणि धोकादायक पद्धतीने बसवल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचा, हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप वॉटर हीटर माझ्या घरी कोठीत बसवून सात आठवडे झाले. त्यातले शेवटचे अकरा दिवस तो बंद आहे आणि तो मीच बंद केला आहे. का, ते आधी सांगतो.

टाकीच्या प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हपासून (दाब वाढला की पाणी बाहेर सोडणारी सुरक्षेची झडप) खाली आणलेल्या पाइपच्या तोंडाला आपल्या तंत्रज्ञाने प्लग मारला आहे. टेफ्लॉन टेपचे दहाबारा वेढे देऊन, पान्याने आवळून. बसवल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिथून थेंब थेंब पाणी यायला लागले, म्हणून मीच फोन केला होता. तो आला, पंधरा मिनिटांत काम उरकले आणि जाताना म्हणाला, "काका, गळती बंद केली, आता बघायला नको." मी सही करून दिली. पाइपचे टोक डब्यांच्या मागे आहे, तिथे वाकून मी पाहिले नाही, ही चूक माझी. अकरा दिवसांपूर्वी एक डबा ओढताना तो प्लग हाताला लागला. त्याच वेळी एमसीबी पाडला, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि गरम पाण्याचा नळ सोडून टाकीतला दाब उतरवला.

मुळात ती गळती नव्हतीच. थंड पाण्याच्या लाइनवर आपल्याच माणसाने नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवला आहे. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेले की सुमारे तीन लिटरने फुगते. मागे जायची वाट नॉन रिटर्नने बंद केली, नळ बंद असतात आणि फुगलेले पाणी सामावून घेणारा एक्स्पान्शन टँक बसवलेलाच नाही. मग ते पाणी जाणार कुठे? रिलीफ व्हॉल्व्ह थेंब थेंब सोडत होता तो त्याचे काम करत होता. त्याचेच तोंड बंद केले! उद्या थर्मोस्टॅट अडकला आणि पाणी फार तापले की वीज तोडणाऱ्या कटआउटनेही दगा दिला, तर दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या पुढे तापत राहील. अशी टाकी फुटली तर त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. कोठीच्या भिंतीपलीकडे आमची झोपायची खोली आहे.

आता जागेविषयी. कोठी दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, अडीच मीटर उंच, म्हणजे साडेसात घनमीटर. आपल्याच पुस्तिकेत किमान २० घनमीटर हवा हवी असे लिहिले आहे, तेही आत सामान नसताना. बसवायच्या आधी कोणी टेप लावून खोली मोजली नाही. "गीझर इथेच बसतो ना, मग झालं," एवढीच पाहणी. अहो, हा गीझर नाही. गीझर वीज जाळून पाणी तापवतो. हे यंत्र खोलीतल्या हवेची उष्णता ओढून पाण्यात टाकते, म्हणून एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांचे काम करते. दार लावून हवाच तोडली तर ओढायचे काय? मी कोठीत थर्मामीटर टांगला. १७ अंशांवरून तीन तासांत ७ वर आला आणि पडद्यावर इलेक्ट्रिकचा दिवा लागला. म्हणजे पंप थांबून आतला विजेचा रॉड चालू झाला. हीट पंपाचे पैसे मोजून मी रॉडचा गीझर वापरत होतो.

थंड ग्लासाला घाम येतो तसे या यंत्राच्या कॉइलवर हवेतले पाणी जमते. त्याची नळी उंबरठ्यावरून वर चढवून नेली आहे. पाणी चढत नाही, ते ट्रेमध्ये साचून जमिनीवर येते. शिवाय टाकी आणि वरचा माळा यांच्यात वीतभर अंतर आहे. टाकीला गंजापासून वाचवणारा आतला मॅग्नेशियमचा रॉड बदलायची वेळ येईल तेव्हा तो निघणार कसा, हे विचारल्यावर आपला माणूस हसला.

ग्राहक सेवेच्या नंबरवर मला तीनदा फिल्टर धुवायला सांगितले. फिल्टर स्वच्छ आहे. नंतर आलेल्या दुसऱ्या तंत्रज्ञाने उपाय काढला : थंड हवा बाहेर फेकणारा एक डक्ट लावू, दार बंदच राहू द्या. मी नको म्हटले. शेजारच्या न्हाणीघरात जुना गॅस गीझर आहे. नुसती हवा बाहेर फेकली आणि आत यायला वाट ठेवली नाही, तर घरातला दाब उतरतो आणि गॅस गीझरचा धूर बाहेर जायचा तो उलटा आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि त्याला ना रंग ना वास. हे मी त्याला समजावून सांगायचे की त्याने मला?

माझी मागणी अशी. प्लग ताबडतोब काढावा, पाइप उताराने मोरीपर्यंत न्यावा, टोक उघडे आणि डोळ्यांना दिसेल असे ठेवावे. एक्स्पान्शन टँक बसवावा. यंत्र मागच्या बाजूच्या मोठ्या मोकळ्या खोलीत हलवावे. तिथे हवा भरपूर आहे, मोरी आहे आणि गॅसचे काहीच नाही. ते नेताना उभेच न्यावे, आडवे केले की कॉम्प्रेसरमधले तेल जागा सोडते. आडवे झालेच तर पुस्तिकेत दिलेला वेळ उभे ठेवून मगच चालू करावे. पहिल्या वेळी ते गाडीतून आडवे आले आणि तासाभरात चालू केले गेले, त्यामुळे कॉम्प्रेसरची तपासणी करून लेखी अहवाल द्यावा. या सगळ्याचा खर्च माझ्याकडून मागू नये.

सात दिवसांत काम सुरू झाले नाही तर मी ग्राहक आयोगाकडे जाईन. प्लगचे, नळीचे आणि थर्मामीटरचे फोटो सोबत जोडले आहेत.

आणि एक विनंती : या वेळी पाठवाल तो माणूस तोच नसावा. पाठवण्यापूर्वी त्याला आपली पुस्तिका एकदा वाचायला द्यावी.

आपला,
एक ग्राहक