दिवे लावा, पण तोंड खाली ठेवून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की माझ्या दुकानात एक प्रश्न ठरलेला असतो. पुण्या-मुंबईची पोरं टॉर्चचे सेल घ्यायला थांबतात आणि विचारतात, "काका, रात्री तारे बघायला इथं चांगली जागा कुठली?" मी जुन्नरला इलेक्ट्रिकची कामं घेतो. घरांची वायरिंग, विहिरीवरच्या मोटारी, रस्त्यावरचे दिवे, सगळं. आणि रात्र मोकळी मिळाली की १० बाय ५० ची द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी बघायची छोटी दुर्बीण) घेऊन आकाश बघत बसतो. दिव्याची आणि काळोखाची, दोन्ही बाजू ठाऊक असल्यामुळं हे पत्र लिहायचं धाडस करतोय. थोडं लांबेल, कात्री आपल्या हातात आहेच.

बहुतेकांच्या डोक्यात माळशेज असतो. माझं सांगणं, तिथं जाऊ नका. कल्याणकडं जाणारा हमरस्ता रात्रभर वाहता असतो. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि वळणावरून आलेला एकच ट्रक ती सगळी मेहनत घालवतो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नाणेघाट त्याहून बरा. पण घाटाच्या तोंडाशी बसून पश्चिमेला बघाल तर खाली मुरबाड आणि त्यामागं कल्याण-डोंबिवलीचा पिवळट उजेड क्षितिजावर चढलेला दिसतो. कोकणकडा दिवसा बघावा. रात्री त्याच्याकडं पाठ करून उत्तर-पूर्वेला तोंड करावं, म्हणजे सप्तर्षी, शर्मिष्ठा, देवयानी हे तारकासमूह सगळे स्वच्छ मिळतात.

जुन्नरकरांची खरी अडचण दक्षिणेला आहे. पुणं आमच्या जवळजवळ नेमकं दक्षिणेला येतं, मधे मंचर, राजगुरुनगर, चाकण. आणि दक्षिणेचीच क्षितिजाजवळची दौलत मोठी आहे. अगस्त्याचा तारा आमच्या इथून फार तर १८ अंश वर येतो, फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास. त्रिशंकू हा चार ताऱ्यांचा क्रूस मे महिन्यात नऊ-साडेनऊला जेमतेम दहा-अकरा अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंशांची होते, म्हणजे त्रिशंकू क्षितिजापासून एक मूठभर उंच. दिल्लीकरांना तो नीट मिळत नाही, आपल्याला मिळतो. पण शहराचा उजेड नेमका त्या पहिल्या मुठीतच साचतो. अगस्त्य तेजस्वी, तो काही हटत नाही. त्रिशंकू मात्र गावात राहून दिसेल अशी आशा धरू नये.

म्हणून जागा शोधताना नुसतं "गावापासून लांब" एवढं पुरत नाही. उजेडाच्या आणि आपल्यामधे डोंगर हवा. आपटाळ्यावरून पुढं गेलं की चावंडचा डोंगर जुन्नरच्या बाजूला उभा राहतो, आणि पूर गावाकडं, कुकडेश्वराच्या देवळाच्या अंगाला, जुन्नरचा उजेड त्याच्या आड जातो. माझ्या मते तालुक्यातली सर्वांत सोयीची जागा ही. रस्ता आहे, वस्ती जवळ आहे, हाक मारली तर माणूस येतो. त्याहून काळं आकाश हवं असेल तर दुर्गवाडीचं पठार. तिथं वारा झोडपून काढतो, डिसेंबरात दोन स्वेटर घालून जा. माणिकडोहच्या पाण्याच्या कडेला क्षितिज मोकळं मिळतं, पण दव इतकं पडतं की अर्ध्या तासात भिंगं पुसत बसावं लागतं.

जागा पारखायची माझी रीत सोपी आहे. मोबाइल बंद करून वीस मिनिटं थांबायचं. नोव्हेंबर ते जानेवारीत देवयानी दीर्घिकेचा (आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या तारामंडळाचा) धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनी सहज सापडला तर जागा चांगली. पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर आहे तो. फेब्रुवारी ते एप्रिल पुष्य नक्षत्रातला ताऱ्यांचा पुंजका शोधायचा. तो शहरातून दिसत नाही, आणि गावातून दिसला तर समजायचं की अजून फार बिघडलेलं नाही. मार्च-एप्रिलात डोंगरांवर वणवे लागतात, तेव्हा धुरामुळं पुष्यही पुसट होतो, त्याचा दोष जागेला देऊ नये.

आता बिबट्या. जुन्नर म्हटल्यावर त्याचं नाव घ्यावंच लागतं. पुण्याच्या पोरांना वाटतं बिबट्या जंगलात राहतो, म्हणजे पश्चिमेच्या डोंगरांत भीती आणि पूर्वेला शेतात निवांत. आमच्याकडं उलटं आहे. ओतूर, आळेफाटा, नारायणगावच्या पट्ट्यात ऊस आहे आणि बिबटे उसात राहतात, तिथंच वितात. म्हणून पूर्वेला रात्री बांधावर बसून तारे बघायचा विचारही करू नका. पश्चिमेला बसायचं तरी झाडीच्या कडेला नाही, मोकळ्या माळावर. एकट्यानं नाही. वाकून, मांडी घालून चादरीवर नाही, खुर्च्या घेऊन जा. लहान मुलं मधे. आणि गप्पा मारा, गाणी लावा, तारे काही आवाजानं पळत नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. याच बिबट्यापायी गेल्या काही वर्षांत वस्त्या-वस्त्यांवर फ्लडलाइट लागले. मी स्वतः कितीतरी लावलेत आणि लावणारच. रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला, पहाटे गोठ्यात जाणाऱ्या बाईला "आकाश बघायचंय, दिवा बंद ठेवा" असं कोण सांगेल? ज्याच्या अंगणात बिबट्या येत नाही त्यानंच असलं बोलावं. माझं म्हणणं दिव्याच्या विरोधात नाही, त्याच्या तोंडाबद्दल आहे.

फ्लडलाइट भिंतीवर ठोकतात तो आडवा, समोर तोंड करून. लोकांना वाटतं उजेड लांबवर पोहोचला पाहिजे. त्यातला बराचसा वरती आकाशात जातो, एक भाग शेजारच्या वस्तीच्या डोळ्यांत जातो आणि जमिनीवर पडतो तो उरलेला. त्यातही अंगणात उभं राहून दिव्याच्या दिशेनं बघितलं की डोळे दिपतात आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं काळंठिक्कर. बिबट्या बसायचा तो त्याच काळ्यात. मागं एका वस्तीवर गव्हाणीजवळच्या दिव्याचे दोन बोल्ट ढिले करून मी त्याचं तोंड जमिनीकडं केलं, आणि गोड्या तेलाचा डबा कापून त्या पत्र्याची वीतभर झापड वरून बसवली. दिवा तोच, वॅट तेच. घरातल्या मावशी ओट्यावर येऊन म्हणाल्या, "अरे दादा, गव्हाणीमागचं दिसतंय की आता. आधी नुसता डोळ्यांत जाळ यायचा." मग त्यांनी मागच्या बाजूचाही दिवा खाली करून घेतला. खर्च शून्य, पत्रा घरचाच. आणि त्या ओट्यावरून आता कृत्तिका दिसतात, हे मावशींना सांगायचं राहून गेलं, पण त्यांना त्याची गरजही नव्हती.

रंगाचंही तसंच. दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो, तो जितका मोठा तितका उजेड निळसर. दुकानात जास्त खपतो तो ६५०० केल्व्हिनचा पांढरा, निळसर झाक असलेला एलईडी. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणानं. ३००० केल्व्हिनचा पिवळसर दिवा लावला तर तेवढाच उजेड जमिनीवर मिळतो आणि आकाश कमी उजळतं. किमतीत म्हणावा तसा फरक नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "पिवळा नको, जुना वाटतो." यावर माझ्याकडं उत्तर नाही, पिवळाच मला आवडतो.

खरं दुखणं पर्यटनाच्या दिव्यांचं आहे. २०१८ साली जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला, चांगलं झालं. पण पश्चिमेकडच्या एका पॉइंटवर (नाव लिहीत नाही, तिथली माणसं ओळखीची आहेत) पार्किंगसाठी हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा दिव्यांचा झुबका, उभा राहिला. रात्री तिथं पार्किंगला कोणी नसतं. खांबाचा उजेड समोरच्या डोंगराच्या कातळावर पडतो आणि कातळ पहाटेपर्यंत उजळलेला राहतो. ज्या काळोखासाठी माणसं गाडीभाडं खर्चून येतील, तोच आपण बिल भरून घालवतोय. टायमर बसवून दहाला बंद करा असं मी सुचवलं. "बघू" असं उत्तर मिळालं.

आणि हे काही अशक्यातलं नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा काळोख जपलेली जागा) म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ती आसपासच्या गावांतले दिवे खाली तोंडाचे करून घेतल्यावर. तिथं तर वाघ आहेत. लोक दिवे विझवून बसलेले नाहीत, दिवे वळवलेत. त्याआधी लडाखच्या हानलेला राखीव आकाश झालं, पण हानलेचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, "तिथं वस्ती कुठंय?" म्हणून मी पेंचचं देतो.

आमच्या तालुक्याला तर हे सांगायलाच नको. खोडदला आणि त्याच्या आसपास ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत, आणि त्या रेडिओ दुर्बिणीसाठी आसपास रेडिओ लहरींची शांतता सांभाळतात. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटरची दुर्बीण २००६ पासून आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला खोडदचं विज्ञान प्रदर्शन बघायला शाळांच्या गाड्या येतात. तीच मुलं संध्याकाळी घरी जाऊन आकाशगंगा बघू शकतील का, याची चौकशी कोणी करत नाही.

ग्रामपंचायतींना माझी विनंती एवढीच, की पुढच्या दिव्यांच्या मागणीपत्रात तीन ओळी घाला: फिटिंग सपाट काचेचं आणि खांबाला आडवं, तोंड सरळ जमिनीकडं, वर तिरपं नाही, दिवा ३००० केल्व्हिनचा, पर्यटनाच्या जागी टायमर. ठेकेदार हे देतात, फक्त मागावं लागतं.

आपल्यालाही एक विनंती. आपल्या अंकात पंचांगाच्या चौकटीत सूर्योदय, सूर्यास्त रोज असतो, चंद्रोदय मात्र फक्त संकष्टीला. तो रोज छापावा. पौर्णिमेनंतर चंद्र रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो. संकष्टीनंतर दोन-तीन दिवस गेले की रात्री जेवण आटोपून अकरा वाजेपर्यंत काळोख हाताशी असतो, आणि लोक उगाच अमावास्येची वाट बघत बसतात. जागेची फारशी अडचण नसते, वेळ बघून निघणं ज्याला-त्याला जमत नाही. शुक्लपक्षात त्याच चौकटीत चंद्रास्ताची वेळ दिलीत तर माझ्या दुकानातली निम्मी चौकशी कमी होईल.

आपला वाचक,
एक इलेक्ट्रिशियन, जुन्नर