तुम्ही ‘नको’ म्हणालात, त्याबद्दल

नाशिक

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

परवा संध्याकाळी पंचवटीत तुमच्या घरी आले होते, तेव्हा निघताना काकूंच्या हातात ठेवलेले पाकीट मी जिना उतरायच्या आत तुम्ही परत माझ्या पिशवीत टाकलेत आणि वर, “गॅरेज बंद केलं त्या दिवशीच माझं बिलबुक संपलं,” असे म्हणून विषय मिटवून टाकलात. तुमच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचे माझ्या बाबांनाही आठवत नाही, त्यामुळे मीही गप्प बसले. पण घरी आल्यावर चैन पडेना, म्हणून हे पत्र. ते सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण आपल्या इंदिरानगरात आता एक घर आड एक मूल परदेशी निघालेले असते आणि इंग्लंडमध्ये जुनी गाडी घेताना तुम्ही मला फोनवरून जे सांगितलेत ते त्यांच्याही कामाचे आहे. नाव छापलेस तर पुन्हा फोन उचलणार नाही, असा तुमचा दम असल्यामुळे नाव तेवढे लिहीत नाही.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या तुमच्या गॅरेजमध्ये बाबांची मारुती ८०० सर्व्हिसिंगला लागली की मी जुन्या टायरवर बसून तुम्हाला पाने देत असे. तेरा नंबरचा पाना आणि चौदाचा पाना नुसत्या बोटांनी ओळखता येतो, एवढेच माझे त्या विषयातले शिक्षण. तेवढीच जाण घेऊन मी गेल्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये डर्बीला रुग्णालयातल्या नोकरीवर रुजू झाले. पाळी सकाळी सात वाजता सुरू होते, आणि रविवारी माझ्या भागातली पहिली बस निघते तोवर वॉर्डमधला चहासुद्धा होऊन गेलेला असतो. डिसेंबरमधले चार रविवार टॅक्सीला पैसे मोजल्यावर हिशेब केला आणि गाडी घ्यायचे ठरवले. त्या देशात माझ्या नावावर कर्जाचा किंवा हप्त्याचा कोणताही पूर्वेतिहास नसल्यामुळे कर्जाचे दार बंद होते. साठवलेल्या पैशांत बसेल अशी जुनी गाडी घेण्यावाचून पर्याय नव्हता, आणि जुनी गाडी म्हटल्यावर मला दुसरे कोणी आठवलेच नाही.

तिथले सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडचे दुपारचे अडीच, म्हणजे नेमकी तुमच्या वामकुक्षीची वेळ. जानेवारीतले तीन शनिवार तुम्ही ती झोप माझ्यासाठी मोडलीत. काकूंनी हे मला परवा सांगितले. तुम्ही स्वतः कधीच बोलला नव्हता.

पहिल्याच फोनवर आपले भांडण झाले, हेही लिहायला हवे, नाहीतर पत्र खोटे वाटेल. मायको कंपनीच्या डिझेल पंपांवर आणि नोझलवर ज्यांचा हात बसला, त्यांना डिझेलखेरीज गाडी पटणार कशी? तुमचे म्हणणे होते की डिझेल इंजिन टिकते, ॲव्हरेज देते, पेट्रोलच्या वाटेला जाऊ नकोस. माझे रोजचे अंतर जेमतेम पाच मैल होते. एवढ्याशा पल्ल्यात डिझेल गाडीच्या सायलेन्सरमार्गातला काजळी पकडणारा फिल्टर पुरेसा तापत नाही आणि तुंबतो, हे मी वाचून दाखवले. शिवाय माझी मावसबहीण बर्मिंगहॅमला राहते आणि त्या शहराच्या मध्यभागी जून २०२१ पासून स्वच्छ हवेचा विभाग लागू आहे. तिथे पेट्रोल गाडी किमान युरो ४ आणि डिझेल गाडी किमान युरो ६ या धुराच्या मानकांत बसणारी नसेल तर दिवसाला ८ पाउंड भरावे लागतात. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत आणि मग म्हणालात, “मग पेट्रोल घे. त्या फिल्टरचं मला काही माहीत नाही.” चाळीस वर्षे हात काळे केलेल्या माणसाने पंचवीस वर्षांच्या मुलीला ‘मला माहीत नाही’ असे सरळ सांगावे, यामुळेच पुढे तुम्ही जे ठासून सांगितलेत त्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला.

आता त्या चंदेरी गाडीविषयी. माझ्या घरापासून सात मैलांवर एका खासगी विक्रेत्याकडे ती होती, किंमत २,८०० पाउंड, आतून बाहेरून लख्ख, आसनांना कसलासा लिंबाचा सुगंध. मी मनातून ती घेऊन टाकली होती आणि तुम्हाला फोन केवळ आशीर्वादापुरता लावला होता. तुम्ही गाडीचे तोंडसुद्धा बघायच्या आधी म्हणालात, “बॉनेटला हात लाव.” मी हातमोजा काढून हात लावला. बाहेर पारा शून्याच्या आसपास, शेजारच्या गाड्यांच्या काचांवर दहिवराचा पांढरा थर, आणि हिचे बॉनेट चांगले कोमट. “तू येण्याआधी त्यानं चालू करून ठेवलीय. थंड इंजिनाचा आवाज त्याला ऐकू द्यायचा नाहीये,” तुम्ही सांगितलेत. विक्रेत्याला मराठी कळत नव्हते, पण तुमच्या सुराने तो किंचित चपापला असावा.

मग तुम्ही मला खाली बसायला लावलेत. नवा कोट घालून मी त्या ओल्या फरशीवर गुडघे टेकले आणि फोनचा दिवा लावून गाडीखाली पाहिले. सगळे कसे काळेभोर, नीटनेटके दिसत होते आणि मी आनंदाने तसे सांगितले. तुम्ही विचारलेत, “बोट लाव. काळं होतंय का?” बोट काळे झाले. रंग ताजा होता. मुंबईची, त्यातून समुद्राकाठची गाडी नाशिकला विकायला आली की तुम्ही आधी खालचा पत्रा का ठोकून बघत असत, हे मला त्या क्षणी उमगले. डर्बीपासून समुद्र दूर असला तरी तिथे हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ वर्षानुवर्षे गाडीच्या पोटाला लागत राहते. कसाऱ्यापलीकडचा गंज तुम्ही ओळखत होतात, म्हणून हा सातासमुद्रापलीकडचा गंजही तुम्हाला बसल्या जागी दिसला.

त्यानंतर मी तुम्हाला एमओटीची नोंद वाचून दाखवली. तिथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची तपासणी करून घ्यावी लागते आणि झालेल्या प्रत्येक तपासणीचा निकाल, त्या दिवशीचे रनिंग आणि तपासनिसाने दिलेल्या सूचना, हे सारे केवळ गाडीचा नंबर टाकून कोणालाही सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येते. आपल्याकडच्या पीयूसीची सवय असलेल्या तुम्हाला आधी ते खरेच वाटेना. त्या गाडीला सलग तीन वर्षे ‘मागील ब्रेकच्या पाइपांना गंज’ अशी सूचना मिळाली होती आणि तिन्ही वेळा ती पास झाली होती. म्हणजे कागदावर गाडी उत्तीर्णच होती. तुम्ही तीन वर्षांच्या तिन्ही नोंदी मला पुन्हा वाचायला लावल्यात आणि मग म्हणालात, “पोरी, ही नको. चल, निघ तिथनं.”

खरे सांगते, त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. पुन्हा एक रविवार टॅक्सी, पुन्हा शोधाशोध. पण हे पत्र मुख्यतः त्या ‘नको’साठी आहे. गाडी मिळवून द्यायला दहा जण पुढे होते. रुग्णालयातले सहकारी, त्यांचे मेहुणे, मेहुण्यांचे मित्र. घेऊ नकोस म्हणणारे एकटे तुम्ही, आणि तेही ज्यात तुमचा काडीचा फायदा नाही अशा व्यवहारात.

कागदपत्रांच्या बाबतीत तुमचा शिरस्ता मला पाठ होता: आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का ते आधी पाहायचे, असल्यास फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला हातात पडेपर्यंत पैसे सोडायचे नाहीत, आणि २९ व ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्याखेरीज किल्ली घ्यायची नाही. तिथले आरसी बुक म्हणजे व्ही-फाइव्ह-सी. त्यावर स्पष्ट छापलेले असते की हा मालकीचा पुरावा नव्हे, कारण त्यात नाव असते ते गाडीच्या नोंदणीकृत धारकाचे. हे ऐकून तुम्ही फोनवर हसलात, “मग मालक कोण, देव?” पण लगेच नेमका प्रश्न तुम्हीच विचारलात: बोजा कुठे दिसतो? तो त्या कागदावर दिसतच नाही. त्यासाठी थोडे पैसे भरून वेगळी चौकशी करावी लागते. गाडीवर कोणाचे कर्ज बाकी आहे का, ती चोरीची आहे का, आणि विमा कंपनीने कधी मोडीत काढली होती का, हे त्यात कळते. ऑक्टोबर २०१७ पासून अशा ठोकलेल्या गाड्यांपैकी दुरुस्त होऊ शकणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत, सांगाडा दुखावला असेल तर ‘एस’ आणि नसेल तर ‘एन’. तुम्ही विचारले नसते, तर मी ते पैसे वाचवले असते.

तिसऱ्या शनिवारी एका लहान विक्रेत्याकडे २०१३ ची टोयोटा ऑरिस पाहिली. वर्ष तिच्या नंबरातच होते. तिथे २००१ पासून नंबराच्या मधल्या दोन आकड्यांवरून गाडी कोणत्या सहामाहीत नोंदली गेली ते कळते, आणि हिच्यावर ६३ होते, म्हणजे सप्टेंबर २०१३ नंतरची. आपल्या एमएच-१५ वरून गाव कळते, वय कळत नाही, म्हणून “कपाळावर जन्मसाल” ही व्यवस्था तुम्हाला फार आवडली. बॉनेट थंडगार होते. सेल मारला, एका दमात चालू झाली, आणि तुम्ही मला फोन इंजिनाजवळ धरून दोन मिनिटे काहीही न बोलता उभे राहायला सांगितलेत. नाशिकमध्ये तुम्ही कान लावून बसला होतात आणि मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग तेलाच्या झाकणाखाली साय धरली आहे का, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर चाकातून कटकट येते का, चारही टायर सारखे झिजले आहेत का, असे एकेक विचारत गेलात. मी ही गाडी डर्बीलगतच्या बर्नस्टनच्या कारखान्यात बनल्याचे सांगितले, तेव्हा तुम्ही म्हणालात, “म्हणजे सातपूरला राहून स्कॉर्पिओ घेण्यासारखं झालं.” तुमच्या तोंडून होकार असा निघतो, हे ठाऊक असल्यामुळे मी ४,३०० पाउंड मोजले. विक्रेता व्यावसायिक असल्यामुळे २०१५ च्या ग्राहक कायद्यानुसार गाडीत मुळातच दोष निघाल्यास ३० दिवसांत परत करण्याचा हक्क होता, खासगी विक्रेत्याकडे तो मिळाला नसता. हे तुम्हाला सांगितले, तर तुम्ही इतकेच म्हणालात, “तीस दिवस रोज कान उघडा ठेव.”

बाकीचे पटकन सांगते. जुन्या मालकाने भरलेला रस्ता कर नव्या मालकाला चालत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात एकदाच कर भरून मोकळे होतो, तसे तिथे नाही. म्हणून नव्या धारकाच्या चिठ्ठीवरचा १२ आकडी क्रमांक टाकून तो तिथल्या तिथे भरला, त्याआधी विमा उतरवला आणि मगच गाडी जागची हलवली. विम्याने मात्र घाम फोडला. भारतातला नो-क्लेम बोनस एकाही कंपनीने धरला नाही आणि पहिल्या वर्षाचा आकडा १,९०० पाउंडांवर गेला. आपला परवाना तिथे स्थायिक झाल्यापासून १२ महिनेच चालतो आणि बदलूनही मिळत नाही. लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. इतकी वर्षे नाशिकच्या मुंबई नाक्यावर गाडी चालवल्याचा तिथे गुण मिळत नाही, उलट आरशात न पाहण्याच्या सवयीबद्दल शिक्षकाची बोलणीच खाल्ली. अकराव्या महिन्यात, ऑगस्टमध्ये, पास झाले.

गाडी घरी आणली त्या संध्याकाळी आईने व्हिडिओ कॉलवर पूजा करायला लावली. नवश्या गणपतीला नेता येणार नव्हते, म्हणून त्याचा फोटो समोर ठेवला, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले आणि सुपरमार्केटातले जाड सालीचे पिवळे लिंबू चाकाखाली ठेवले. ते चिरडले गेले नाही, घरंगळत शेजाऱ्यांच्या दारात गेले आणि शेजारच्या आजींनी ते धुऊन मला परत आणून दिले. हा प्रसंग तुम्ही परवा दोनदा सांगायला लावलात, म्हणून इथेही लिहिला.

येत्या २४ तारखेला मी परत निघते. गाडी चार आठवडे उघड्यावर उभी आहे आणि निघण्यापूर्वी तुम्ही सांगितल्याप्रमाणे बॅटरीची मायनसची वायर सोडवून ठेवली आहे. पोहोचल्यावर पहिल्या शनिवारी, तुमच्या अडीच वाजता, वायर जोडून सेल मारीन आणि फोन इंजिनाजवळ धरीन. त्या दुपारी जेवल्यावर लगेच आडवे होऊ नका.

काकूंना नमस्कार.

आपली नम्र,
तुमच्या जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी