टीव्ही ४३ इंची मागवला आहे, रागावू नका

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

परवा फोनवर बाबा म्हणाले, "बघ, तुला योग्य वाटेल ते," आणि लगेच फोन आईकडे दिला. तेव्हाच कळलं की त्यांचं मन जेल रोडवरच्या दुकानातल्या ३२ इंचीवरच आहे. तरीही मी काल ४३ इंची मागवला. आधी विचारलं असतं तर तुम्ही "एवढा मोठा कशाला" म्हणाला असतात, आणि तुमचा शब्द मोडणं मला जड गेलं असतं. म्हणून आधी पैसे भरले आणि आता लिहायला बसले. गुरुवारी येईल.

बाबा, तुम्ही पाहिलेला ३२ इंची वाईट नव्हता. अकरा हजारांत त्याहून बरा मिळणार नाही. पण तो दुकानात तुम्ही तीन फुटांवरून पाहिलात. आपल्या सोफ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत साडेआठ फूट आहेत, दिवाळीत मी टेप लावून मोजलेत. साडेआठ फुटांवरचा ४३ इंची डोळ्यांना जेवढा वाटतो, तेवढा ३२ इंची वाटायला सव्वासहा फुटांवर बसावं लागतं. म्हणजे पुन्हा तुमची वेताची खुर्ची पुढे सरकणार, बातम्यांची पट्टी वाचायला मान पुढे जाणार आणि रात्री पट्टा बांधून झोपणार. आणि तुम्ही पुढे बसलात की मागे आईला अर्धा पडदा दिसत नाही. ती बोलत नाही, उठून स्वयंपाकघरात जाते. लहानपणी मी पडद्याला नाक लावून बसायची, तेव्हा "सोफ्यावर बस, चिमणे, तुझ्यासाठीच जागा ठेवली आहे" म्हणून तुम्ही मला उचलून मागे न्यायचात. आता तुम्ही दोघं त्या सोफ्यावर शेजारी शेजारी बसून बघा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

जुनाच दुरुस्त करू, हे आईचं म्हणणंही मी सोडून दिलेलं नाही. अंधारात पडद्याला टॉर्च तिरका टेकवून धरायला सांगितला, तेव्हा आत पुसट माणसं हलताना दिसली ना? आवाज आहे, चित्र आहे, फक्त मागचा उजेड गेलाय. एलईडीच्या पट्ट्या जळल्या आहेत. त्या बदलता येतात, पण त्यासाठी अख्खं पॅनेल, म्हणजे पुढचा पडदाच, उचलावा लागतो. त्याच्या कडेला चिकटलेल्या रिबनी, म्हणजे चपट्या वायरी, फार नाजूक असतात, एक जरी दुखावली तरी पडद्यावर कायमची उभी रेघ येते. एकच पट्टी बदलली तर उरलेल्याही तितक्याच जुन्या असतात, वर्षभरात त्यांचीही पाळी येते. अकरा वर्षं चाललेल्या टीव्हीवर आता पैसे घालू नयेत.

आता खर्चाचं. ४३ इंची साडेअठरा हजारांना पडला, म्हणजे साडेसात हजार जास्त. बाबांना ही रक्कम खुपणार, मला माहीत आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ३२ इंचीवर तो आधीपासून १८ च होता, त्यामुळे दोघांतलं अंतर पूर्वीपेक्षा कमी झालंय. विजेचं म्हणाल तर ३२ इंची साधारण ४५ वॉट घेतो, हा ७५ च्या आसपास. रोज पाच तास धरले तरी महिन्याला चार-पाच युनिटांचा फरक, फार तर तीस-पस्तीस रुपये.

फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा पडदा, मुद्दाम घेतला नाही. ४३ इंची फुल एचडीच्या पडद्यावरचे ठिपके साडेपाच-सहा फुटांपलीकडे चांगल्या नजरेलाही सुटे दिसत नाहीत, आणि तुम्ही साडेआठवर बसणार. शिवाय डिशवरून येणारे वाहिन्यांचे बहुतेक कार्यक्रम फोर-के नसतात. स्वस्त फोर-के टीव्ही साधं चित्र ताणून मोठं करतो तेव्हा ते धुरकट दिसतं.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट खास बघून घेतली. तू दाराशी पाटावर बसून मटार सोलत तिरकं बघतेस. पुष्कळ स्वस्त टीव्हींत असं बाजूने पाहिलं की चेहरे पांढुरके पडतात. इथल्या दुकानात मी दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी लावायला सांगितले आणि पार कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. ३२ इंचीवर निवेदिकेची लाल साडी गुलाबी झाली, ४३ इंचीवर लालच राहिली. हे पॅनेल आयपीएस जातीचं आहे. त्याचा एक उणेपणा आहे, अंधाऱ्या खोलीत काळा रंग करडा दिसतो. म्हणून रात्री टीव्हीच्या बाजूचा छोटा दिवा लावून ठेवत जा. तुझ्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यालाही काळोखातला एकटा झगझगीत पडदा नको.

शोकेसचं सांगायचं राहिलंच. बाबा, तुम्ही उभं राहून करून घेतलेल्या त्या सागवानी शोकेसला कुणी हात लावणार नाही. त्याचा खण ३४ इंचांचा आहे आणि टीव्ही कडेपासून कडेपर्यंत ३८ इंच, तो तिथे बसणारच नाही. सोफ्यासमोरच्या, कॅलेंडरच्या भिंतीवर लावायचा. तसंही शोकेस खिडकीसमोर येतं, दुपारी चारला पडद्यात चित्र कमी आणि खिडकी जास्त दिसते. कॅलेंडरच्या भिंतीला खिडकी बाजूला पडते. मोकळ्या खणात आईला महालक्ष्म्यांचं सामान ठेवता येईल, दरवर्षी ती पेटी माळ्यावरून काढावी लागणार नाही.

डेमोवाला आला की तो टीव्ही दाराच्या चौकटीइतका उंच लावायला निघेल, त्यांना तीच सवय असते. लावू देऊ नका. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ४० इंचांवर येतात, पडद्याचा मध्य तिथे हवा. म्हणजे टीव्हीची खालची कड २९ इंचांवर. आजच भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. टेप शिलाईच्या डब्यात आहे. बाबा, वर बघावं लागलं तर तुमची मान आठ दिवसांत बोलायला लागेल. भिंत विटांची आहे, चार रावल प्लग पुरतात, पण प्लास्टर पोकळ वाजलं तर भोक चार बोटं सरकवायला सांगा. आतून कॅलेंडरच्या बाजूच्या बटणाची वायर गेलीय, त्या सरळ रेषेत ड्रिल नको.

डेमोवाला येईपर्यंत खोका उघडू नका. उघडताना वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. टीव्ही दोघांनी कडेला धरून उभाच उचलायचा. पडद्याच्या मध्यावर जोरात बोट दाबलं तरी आत तडा जाऊ शकतो, आणि असा तडा वॉरंटीत बसत नाही. लावून झाल्यावर एक पूर्ण पांढरं आणि एक पूर्ण काळं चित्र दाखवायला सांगा. रेघ, डाग, अंधारा कोपरा दिसला तर त्याच वेळी लिहून घ्या. बिलावरचा सीरियल नंबर आणि मागच्या स्टिकरवरचा एकच आहे ना, बघा. सर्व्हिसचा नंबर वॉरंटी कार्डावरचाच वापरायचा, नेटवर शोधून कुणाला फोन करू नका. आणि ओटीपी मागितला तर फोन ठेवून मला लावा, मी मीटिंगमध्ये असले तरी.

पहिल्यांदा सुरू केल्यावर टीव्ही "होम की स्टोअर" विचारेल, होम निवडा. चित्राचा मोड व्हिव्हिड ऐवजी मूव्ही ठेवा. दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळा बसतो. बॅकलाइट, म्हणजे मागचा उजेड, साठ-सत्तरवर आणा. शंभरवर चालवलेल्या पट्ट्या तापतात आणि लवकर जातात, आपल्या जुन्याचं तेच झालं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सेट-टॉप बॉक्स. आपला बॉक्स जुना आहे, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरचा. त्याचं चित्र ४३ इंचीवर फुटेल आणि बाबा म्हणतील, "म्हणूनच ३२ म्हणत होतो." डिशवाल्याला एचडी बॉक्सचं सांगून ठेवलंय, तो शुक्रवारी येईल. त्याने एचडीएमआय वायरच लावली आहे ना, ते बघा. पुष्कळ घरांत बॉक्स एचडी असतो आणि वायर मात्र जुनीच राहते. बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा १०८०आय आणि आकार १६:९ ठेवायचा, नाहीतर माणसं फुगलेली दिसतात. आणखी एक, त्याच वाहिनीचे एचडी आणि साधा असे दोन नंबर असतात. आई, तुझ्या मराठी वाहिन्यांचे एचडी नंबर मी मोठ्या अक्षरांत लिहून पाठवते, ते रिमोटच्या मागे चिकटव.

आवाजासाठी बॉक्सचा व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण ठेवून कमी-जास्त टीव्हीच्या रिमोटनेच करायचं. उलट केलं तर खरखर वाढते. साउंडमध्ये स्पीच किंवा डायलॉग असेल ते लावा, पार्श्वसंगीत मागे पडून बोलणं पुढे येतं. मग बाबांना आवाज तीसवर न्यावा लागणार नाही आणि आईचं डोकंही दुखणार नाही.

पुसायला फक्त कोरडं मऊ फडकं. काचेचा स्प्रे नाही, ओलं फडकं नाही, आई, चष्म्याचं पाणीसुद्धा नाही. पडद्यावरचा थर निघतो आणि ढगासारखे डाग राहतात. रोज रात्री मेन बटण बंद करायची बाबांची सवय चालेल, फक्त पडद्यावर "अपडेट" दिसत असेल तर थांबा. जूनमध्ये आभाळ भरून आलं की विजा कडाडायच्या आधीच प्लग काढायचाच, पण बॉक्समागची डिशची वायरही फिरवून काढा. वीज छतावरच्या डिशमधून बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयमधून टीव्हीत शिरते. नुसता प्लग काढून ती वाट बंद होत नाही.

खोका आणि थर्माकोल महिनाभर टाकू नका, बदलून घ्यायची वेळ आली तर लागेल. दिवाणाखाली मावतो. बाबा, तो तुम्ही एकट्याने ढकलायचा नाही.

शुक्रवारी साडेआठला व्हिडिओ कॉल करते. मोबाइल टीव्हीजवळ उभा करून ठेवा, मला तुम्ही दोघं सोफ्यावर दिसला पाहिजेत. वेताची खुर्ची तोवर गॅलरीत नेऊन ठेवा.

तुमची,
चिमणी